ज्योतिबा गेटवाल्याची हरवलेली फाईल

जासईत ज्योतिबा घरताच्या दारावरून मुकाट्याने निघून गेलेला माणूस अजून जन्माला यायचाय. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत ज्योतिबा आणि त्याच्या तोंडी तीन प्रश्न: कुठून आलास, कोणाकडे चाललास, काय काम? कुरिअरवाला असो, आमदाराचा माणूस असो, नाही तर शेजारणीची मांजर असो, उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. मांजर तेवढी बेपर्वाईने जाते, आणि त्याचा ज्योतिबाला मनापासून राग येतो.

यात बिचाऱ्याचा दोष नाही. एकतीस वर्षं तो गावाबाहेरच्या कंटेनर यार्डाच्या गेटावर होता. बंदराकडून ट्रेलर यायचा, ज्योतिबा कागद बघायचा, ड्रायव्हरला सांगायचा, "सात नंबर लाईन, उजवीकडं." सगळ्या गाड्यांना गेट एक आणि गेटावर माणूस एक. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा जिभेची सवय गेली नव्हती. नवऱ्या मुलाला याने दारातच विचारलं, "आत किती वेळ लागंल?" मुलगा बावचळून म्हणाला, "अर्धा तास." लग्न जमलं, दोन नातवंडं झाली, पण जावई सासुरवाडीला आला की आजही नकळत अर्ध्या तासाने उठतो म्हणे.

आता या माणसाची बायको कोण, तर गंगू धवलारीण. गावाकडची जुनी लग्नं भटजीच्या आधी धवलारीण लावायची, हे नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना ठाऊक नसेल. मांडव थापण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीचा एकेक धवला, म्हणजे गाणं, असतं. देवांना नावानिशी आवतण द्यायचं, कोणाला आधी, कोणाला मागून, सगळं ठरलेलं. कागदावर काही नाही, सगळं गंगूच्या गळ्यात. आणि त्याच गळ्याचं यंदा ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने बोलणं बंद, आणि गाणं विसरा. एरवी एका हाकेत आख्खी आळी गोळा करणारी बाई घरात खुणांनी बोलायला लागली. ज्योतिबाला शांततेची सवय नाही. तो स्वतःच विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा.

नशीब असं, की तीन वर्षांपूर्वी मितेशने मावशीचे एक्केचाळीस धवले रेकॉर्ड करून ठेवले होते. मितेश हा गंगूच्या बहिणीचा मुलगा, जहाजावर इंजिनिअर. सुट्टीत त्याने सगळ्या धवल्यांची एक वेबसाईट केली. एकेका धवल्याला एकेक पान. वर नाव, खाली शब्द, मधे त्रिकोण. त्रिकोण दाबला की गंगूचा आवाज. गल्लीतली शुभदा गंगूच्या हाताखाली तयार होत होती. तिचा सगळा अभ्यास त्या मोबाईलवरच्या त्रिकोणावर चालायचा.

आणि येत्या रविवारी लग्न होतं योगिनीचं, गंगूच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं. योगिनी बँकेत नोकरीला, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पण हट्ट एकच, "आत्याचे धवले झाल्याशिवाय मी मांडवात पाय ठेवनार नाय." नवऱ्यामुलाची आत्या वेणूबाई उरणच्या बाजूची, जिभेची धार कोयत्याला लाजवील. ती सुपारीच्या दिवशीच बोलून गेली होती, "धवलारीन तर मुकी झाली. कशाला उगाच येल घालवायचा? डीजे हाय, भटजी हाय, उरकून टाका." गंगू तिथेच बसली होती. तिला बोलता येत नव्हतं म्हणून वेणूबाई वाचली, असं गावात अजून म्हणतात.

म्हणजे आता सगळी भिस्त शुभदावर. तिला रविवारपर्यंत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस धवले तोंडपाठ पाहिजेत. नाही तर गंगूच्या भाचीच्या लग्नातच गंगूचे धवले बंद. मग पुढे कुठल्या लग्नात कोण मागणार?

बुधवारी सकाळी शुभदा धावत ओट्यावर आली. ज्योतिबाने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "घरून आयले, तुमच्याकडं आयले, काम मोठं हाय! काका, साईट गेली!"

"गेली कशी? परवाच तर बघितली."

"पयलं पान दिसतंय, मावशीचा फोटो दिसतोय. पन कोनताच धवला उघडंना. दाबलं की लिहून येतंय, पान सापडलं नाही."

ज्योतिबाचा चेहरा उतरला. तो का उतरला, हे शुभदाला कळलं नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

झालं होतं असं. साईट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, तिने सोमवारी दुकान बंद करायचं ठरवलं होतं. मितेशने नवी जागा घेतली, आणि बोट सुटायच्या आदल्या दिवशी फोनवरून काकाला शिकवलं: जुन्या जागेतल्या सगळ्या फाईलींवर टिक करायची, उतरवून घ्यायच्या, नव्या जागेत चढवायच्या. माल एका यार्डातून दुसऱ्या यार्डात, बस. ज्योतिबाने ते काम रविवारी अशा थाटात केलं, जसं काही पुन्हा गेटावर रुजू झालाय. वहीत टॅली मारली. जुन्या जागेत फाईली तीनशे सत्तेचाळीस. नव्या जागेत तीनशे सत्तेचाळीस. पहिलं पान उघडलं, गंगू हसताना दिसली. ज्योतिबाने वही मिटली आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दुसरं पान उघडून बघायचं त्याला सुचलंच नाही. सोमवारी जुनं दुकान बंद झालं. शुभदा दोन दिवस लग्नाच्या खरेदीच्या गडबडीत, म्हणून बोंब बुधवारी झाली. आणि मितेश भर समुद्रात, फोन लागेना.

गावाला वाटलं, मितेशची साईट बुडाली. ज्योतिबाने गावाला तसंच वाटू दिलं. गंगूने दारात उभं राहून हाताने विचारलं, काय झालं? ज्योतिबा म्हणाला, "काय नाय, सर्व्हरचा प्रॉब्लेम." पायांत चपला सरकवल्या आणि स्कूटर काढली.

तो थेट पोचला खांदेश्वरला, खुर्शीद मॅडमच्या क्लासवर. खुर्शीद करंजकर, स्टेशनजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास. पंचक्रोशीतल्या निम्म्या ऑफिसांचे सर्व्हर तिने उभे केलेत, आणि निम्म्या मुली तिच्या हाताखाली शिकून नोकरीला लागल्यात. ज्योतिबा दारात उभा राहिला. मॅडमने चष्म्यावरून बघितलं.

"कुठून आलात?"

"जासईशी."

"कोणाकडे?"

"तुमच्याकडंच की, मॅडम."

"काय काम? आत किती वेळ लागेल?"

ज्योतिबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोळा वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी यार्डाचा बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करायला आली होती. याने तिला उन्हात चाळीस मिनिटं उभी ठेवली होती. का, तर तिच्या बॅगेतल्या स्क्रूड्रायव्हरची नोंद कोणत्या रकान्यात करायची ते ठरत नव्हतं.

"मॅडम, तेव्हाचं..."

"बसा हो काका. चाळीस मिनिटं नाही लावणार, वीसच." वर्गातल्या बारा मुली खाली मान घालून हसल्या.

वीस मिनिटांनी तिने साईट उघडून बघितली, आतलं फोल्डर उघडलं, आणि म्हणाली, "साईट तर जागेवर आहे. हलवली कोणी?"

ज्योतिबाने छताकडे बघितलं. "भाच्यानं सांगितलं तशी... एका मानसानं."

"त्या माणसाने सगळं मोजून आणलं असेल."

"तीनशे सत्तेचाळीस. एक पन कमी नाय."

"बरं. मला यात मांडवथापणीच्या धवल्याची फाईल दाखवा."

ज्योतिबाने स्क्रीनजवळ नाक नेलं. गाण्यांच्या फाईली होत्या, पण नावांच्या जागी नुसते आकडे: शून्य एक सात, शून्य एक आठ. चित्रं होती. रंगरूपाची फाईल होती. मांडवथापणी नाही. हळदीचा धवला नाही. आवतण नाही. एक्केचाळीस पानांतलं एकही पान नाही.

"चोरीला गेली," तो पुटपुटला.

"नाही. ती पानं कधी नव्हतीच."

"नव्हती कशी? मी सोता बघायचो. शुभदा रोज उघडायची!"

"दिसत होती, पण ठेवलेली नव्हती." खुर्शीदला आता मजा यायला लागली. तिने खुर्ची वळवली. "सर्व्हर म्हणजे अगदी सरळसोट माणूस, काका. तुम्ही पत्ता मागता, तो फोल्डरात जातो, त्या नावाची वस्तू शोधतो. सापडली तर देतो. नाही सापडली तर म्हणतो, नाही. स्वतःचं डोकं चालवत नाही."

"मग पान येयाचं कुठून?"

"ही बघा." तिने एका फाईलवर बोट ठेवलं. "इंडेक्स डॉट पीएचपी. तुमच्या भाच्याने सगळी अक्कल हिच्यात भरलीय. हिच्या हातात पत्ता दिला, की ही तो वाचते. मांडवथापणी? म्हणजे गाणं शून्य एक सात, शब्द अमुक, फोटो तमुक. आणि तिथल्या तिथे पान बनवून हातात ठेवते. पुढच्याने हळद मागितली, की हळदीचं बनवते."

ज्योतिबा सावरून बसला. मघाची भीती कुठच्या कुठे गेली. एकतीस वर्षं यार्डात कुठली पेटी कुठे जाते हे बघितलेला माणूस तो. इथे तर पेटीच नव्हती, आणि तरी गिऱ्हाईकाला माल मिळत होता!

"म्हंजे पानं एक्केचाळीस, पन बनवनारी एकच?"

"एकच."

"आनि उद्या मी बेचाळिसावा धवला घातला तर?"

"तिच्या यादीत एक नाव वाढेल. नवं पान ठेवायची गरज नाही."

"आनि कोनी भलतंच मागितलं? समजा, कोलंबीची आमटी?"

मुली पुन्हा हसल्या. "तर ती त्यांना पहिल्या पानावर आणून सोडेल. तसं लिहिलंय भाच्याने."

"मग ती आत बसलेली हाय, सगळं येतंय तिला, तरी माझ्या शुभदाला नाय का म्हनतात?"

"कारण तिच्यापर्यंत निरोप जातच नाही. सर्व्हर परस्पर नाही म्हणून मोकळा होतोय. काहीही मागितलं तरी आधी हिच्याकडे पाठव, असं सर्व्हरला सांगणारी आणखी एक फाईल असते. छोटीशी, चार ओळींची. तिच्या नावाच्या आधी एक टिंब असतं. टिंब असलं की ती यादीत दिसत नाही, पडद्यात असते. इथे 'लपलेल्या फाईली दाखवा' अशी खूण करावी लागते." तिने खूण केली. यादी तीनशे सत्तेचाळीसच राहिली. "जुन्या जागेत तीनशे अठ्ठेचाळीस होत्या, काका. जी दिसली नाही ती त्या माणसाने मोजली नाही, मोजली नाही म्हणून आणली नाही."

सगळा माल मोजून आणला, आणि मालाला वाट दाखवणाराच मागे सोडून आला, तोही गेटवाल्याने! एवढं गावात कळलं, तर ओट्यावर बसायची सोय राहणार नव्हती.

"जुनी तर गेली आता," तो म्हणाला. "नवीन लिहून द्या ना, मॅडम."

"मी नाही लिहिणार. तुम्ही लिहा. कीबोर्ड समोर आहे." एवढं सांगून ती मुलींकडे वळली. हा सोळा वर्षांपूर्वीच्या उन्हाचा सूड होता की चांगली मास्तरकी, हे तिचं तिला माहीत. तिने फळ्यावर दोन ओळी मात्र खरडून दिल्या. पहिलीचा अर्थ, पत्ते वळवायचं यंत्र चालू कर. दुसरीचा अर्थ, येईल ते सगळं इंडेक्सकडे पाठव.

ज्योतिबाने एका बोटाने, कोंबडी दाणे टिपते तशा, दोन ओळी टिपल्या. नावाच्या आधी टिंब दिलं. फाईल ठेवली. मांडवथापणी दाबलं. आणि पान आलं!

पण काय ते पान! रंग गेलेला, अक्षरं उघडीबोडकी एकाखाली एक. गंगूच्या फोटोच्या जागी फुटका चौकोन. त्रिकोण दाबला. आवाज नाही. दुसरा धवला उघडला. शब्द आहेत, आवाज नाही. मघाशी निदान पहिल्या पानावर बायको हसत होती, आता तीही दिसेना.

"मॅडम, आता तर सगळंच मुकं झालं!"

"छान. का झालं ते शोधा." तिने मागे वळूनही बघितलं नाही.

चिडायला हवं होतं, पण ज्योतिबाला चिडायला सवड नव्हती. गाण्याची फाईल तर तिथेच होती, शून्य एक सात, डोळ्यांना दिसत होती. मग ती मागितल्यावर येत का नाही? त्याने तिचा पत्ता वर टाकून बघितला. गाणं नाही आलं. आलं ते पहिलं पान, रंग उडालेलं. कोलंबीची आमटी मागितल्यासारखं.

आणि त्याला आठवला यार्डातला खाणावळीचा डबेवाला, इद्रीस.

नोकरीचा पहिलाच आठवडा. साहेबाने हुकूम सोडला होता, जे येईल ते ज्योतिबाकडे नोंद करून मगच आत. ज्योतिबाने हुकूम अक्षरशः पाळला. भर दुपारी इद्रीस सायकलीवर सत्तर डबे लटकावून आला. एकेका डब्यावर नाव, लाईन नंबर, सगळं लिहिलेलं, आणि याने त्याला ट्रेलरांच्या रांगेत उभा केला. नंबर आल्यावर विचारलं, काय आणलंय, कोणाकडे? इद्रीस म्हणाला, "सत्तर जनांकडं." ज्योतिबाने सत्तर पावत्या फाडायला घेतल्या. आख्खं यार्ड चार वाजता जेवलं. साहेब स्वतः गेटावर आले आणि जे काही बोलले, त्यातलं छापण्याजोगं एवढंच: "ज्याचा आत ठिकाणा आहे त्याला सरळ सोड! ज्याला ठिकाणा माहीत नाही त्याला फक्त तू बघ!"

ज्योतिबा खुर्चीतून उठलाच. "मॅडम! सगळ्यांना नाय पाठवायचं तिच्याकडं! गानं तर घरात बसलंय, त्याला सरळ देयाचं. फोटो पन. जे खरंच ठेवलेलं हाय ते सोडायचं, आनि जे नाय ते तेवढं इंडेक्सकडं. इंडेक्सबाईला कशाला विचारायचं डबेवाल्याचं?"

खुर्शीदने खडू खाली ठेवला. पहिल्यांदाच ती टोमणा न मारता हसली. "हे कळायला मला एक वर्ष लागलं होतं," ती म्हणाली, आणि मधल्या जागेत दोन ओळी सांगितल्या. मागितलेली फाईल खरोखर असेल, तर खालचा नियम लावू नको. तसलं फोल्डर असेल, तरी लावू नको. "या दोन्ही त्या शेवटच्या ओळीच्या वर हव्यात. खाली लिहिल्या तर उपयोग नाही. गाडी आत गेल्यावर गेट लावून काय होतं?"

चार ओळी झाल्या. ज्योतिबाने पान पुन्हा उघडलं. रंग आले, गंगू हसली. त्याने त्रिकोण दाबला, आणि स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवलेला होता हे कोणाच्या लक्षात नव्हतं. मार्चपासून जो आवाज घरात उमटला नव्हता, तो खांदेश्वरच्या पहिल्या मजल्यावर घुमला. मुलींची बोटं थांबली. कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, "हा तर आमची आजी म्हणायची!" आणि खुर्ची ओढून स्पीकरजवळ आली. ज्योतिबाने चष्मा काढला, पुसला, आणि उगाच विचारलं, "पंखा कोनी फास्ट केला?"

घरी येऊन त्याने गंगूसमोर फोन धरला. तिने धवला शेवटपर्यंत ऐकला. मग ज्योतिबाने सगळा गुन्हा कबूल केला, टिंबासकट. गंगूने डॉक्टरांचा नियम मोडून कुजबुजत सांगितलं, "माना म्हायीत होतं. सकाली सर्व्हर म्हनताना तुमी छताकडं बघत होतात."

त्यानंतरचे तीन दिवस शुभदाच्या कानातून मोबाईल निघाला नाही. एकेक धवला वीस-वीस वेळा. ज्योतिबा मधूनमधून तिच्या नकळत एखादं पान उघडून बघायचा, इंडेक्सबाई जागेवर आहे की नाही.

रविवारी मांडवात शुभदा बसली, शेजारी गंगू. समोर नवऱ्याकडच्या बायकांत वेणूबाई, हाताची घडी घालून. शुभदाने सुरुवात केली. मांडवथापणी झाली, आवतणं झाली. गंगूच्या आवाजातला चढ, गंगूची उतार घेण्याची ढब, अगदी रेकॉर्डिंगच्या वेळी गंगूला मधेच लागलेला ठसका, तोही शुभदाने नेमक्या जागी काढला. पोरीला वाटलं होतं, तो धवल्यातलाच भाग. जासईच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. गंगूने कपाळाला हात लावला, पण डोळे पुसतच.

हळदीला मात्र शुभदा अडली. नवऱ्याकडच्या कुळदेवीला आवतण द्यायचं होतं, आणि त्या देवीचा धवला एक्केचाळीसांत नव्हताच. गंगूने तो कधी गायलाच नव्हता. ते उरणकडचं काम. शुभदाने गंगूकडे बघितलं, गंगूने नकाराची मान हलवली. डीजेवाल्याने बटणाकडे हात नेला.

"थांब रं, मेल्या!" वेणूबाईने त्याला दरडावलं. हाताची घडी सुटली. ती थोडी चाचरली, घसा खाकरला. "माझी आय म्हनायची. माना अर्धामुर्धाच येतो."

आणि ती म्हणायला लागली. आवाज जाडाभरडा, पण शब्द ठाम. योगिनी पाटावरून टक लावून बघत राहिली. शुभदा दुसऱ्या ओळीपासून तिच्या मागून म्हणायला लागली.

ज्योतिबाने घाईघाईने खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, आणि मागच्या रांगेतून हात लांब केला. गंगूने वळून बघितलं. तिने त्याचं मनगट धरलं आणि फोन ओढून थेट वेणूबाईच्या तोंडापाशी नेला.